‘आने दो’ म्हणजे वर की खाली? एका बांधकामावरच्या कामचलाऊ बोलीचं प्रकरण

मुंबईपासून दीड-दोन तासांवर चालू असलेल्या एका मोठ्या औद्योगिक बांधकामावरचं हे प्रकरण आहे. कंपनी, ठेकेदार, गाव आणि माणसं ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. मजुरांसाठी सुरक्षा प्रशिक्षणाचं साहित्य तयार करायला मी तिथे जात होते. शिक्षण भाषाविज्ञानाचं, त्यामुळे कोण काय आणि कसं बोलतं याकडे कान असायचाच.

वेगवेगळ्या भाषांची माणसं एका कामासाठी जमली आणि कोणाचीच भाषा सगळ्यांना येत नसली, की थोड्या शब्दांची, हलक्या व्याकरणाची एक बोली उभी राहते. तिला पिजिन म्हणतात. पाठ्यपुस्तकांत तिची उदाहरणं दूरच्या बंदरांतली आणि मळ्यांतली असतात. इथे ती सिमेंटच्या धुळीत घडताना दिसली. तिच्याकडे ‘मोडकी हिंदी’ म्हणून पाहिलं तर एखाद्याच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पार्श्वभूमी

साइटवर पाच-सहा टोळ्या होत्या. लोखंड बांधणारे बारबेंडर मालदा आणि मुर्शिदाबादकडचे बंगाली. शटरिंगचे, म्हणजे काँक्रीटचे साचे उभारणारे, सुतार बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले, आपसांत भोजपुरी बोलणारे. क्रेनखाली माल बांधणारे खलाशी झारखंड आणि छत्तीसगडचे. त्यांच्यातले बरेच जण सादरी बोलत. सादरी हीच मुळात मुंडारी, कुडुख, खडिया अशा एकमेकींशी न जुळणाऱ्या भाषांच्या लोकांना जोडणारी बोली, म्हणजे ही माणसं दुवा भाषा वापरण्यात आधीच तरबेज. खोदकामाला आणि काँक्रीटला कलबुर्गी-यादगीर पट्ट्यातली लमाणी कुटुंबं होती, नवरा-बायको दोघं कामावर. बिगारी आणि दोन सुपरवायझर मराठवाड्यातले. इंजिनिअरांत मराठी, तमिळ, हिंदी असे सगळे. टॉवर क्रेनचा ऑपरेटर हरियाणाचा.

‘सगळ्यांना हिंदी येतं’ असं ऑफिसात गृहीत धरलेलं होतं. सूचना फलक हिंदीत, सकाळची टूलबॉक्स बैठक, म्हणजे कामाआधीची सुरक्षेची छोटी सभा, हिंदीत, परमिट म्हणजे कामाचा परवाना इंग्रजीत. प्रत्यक्षात पुस्तकी हिंदी नीट येणारे शटरिंगवाले आणि ऑपरेटर एवढेच. बाकीच्यांना येत होती ती साइटची बोली.

ही बोली कशी घडली होती

बोलणं टिपायला लागल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की सगळे एकसारखंच ‘चुकत’ होते. चुका विखुरलेल्या असत्या, तर प्रत्येकाला भाषा अर्धवट येते एवढंच म्हणता आलं असतं. बंगाली, लमाणी आणि मराठी माणूस एकाच ठिकाणी एकाच पद्धतीने हिंदीपासून दूर जात असेल, तर तिथे नियम तयार झालेला असतो.

लिंग गेलं होतं. ‘गाडी आया’, ‘सीढी टूटा’, ‘क्रेन आएगा’. बंगालीत नामांना व्याकरणिक लिंग नाही, कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सरसकट नपुंसक, मराठीत तीन लिंगं आणि हिंदीत दोन. एवढ्या वेगळ्या सवयींत प्रत्येक वस्तूला लिंग लावत बसणं कोणालाच परवडणारं नव्हतं, म्हणून ते ओझं सगळ्यांनी मिळून उतरवलं. क्रियापद पुरुष-वचनाप्रमाणे बदलत नव्हतं: ‘हम करेगा, तुम करेगा, वो लोग करेगा.’ मनाई करायची ती ‘उधर नही जाने का’ अशी. ही रचना मुंबईच्या बोलचालीतली आणि दखनीतली, म्हणजे दख्खनच्या हिंदी-उर्दूतली. एखादी वस्तू हवी असेल तर ‘होना’: ‘दूसरा बंडल होना’, ‘पानी होना’. हे लमाणी कुटुंबांनी दखनीतून आणलेलं. उत्तरेच्या माणसाला ते वाक्य अर्धवट वाटतं, पण कामावर आल्यावर पंधरवड्यात भोजपुरी सुतारही ‘खिला होना’ म्हणायला लागत. आणि सगळ्यांच्या मदतीला ‘मार’ हे क्रियापद: वेल्डिंग मार, टाइट मार, लेव्हल मार, ग्रीस मार.

शब्द कुठून आले होते ते बघितलं तर कामाची उतरंड दिसते. यंत्रांचे शब्द इंग्रजीतून आलेले: हायड्रा, स्लिंग, शॅकल, जॅक, प्रॉप, व्हायब्रेटर. हुकुमाचे शब्द हिंदीचे. ‘घमेलं’ मराठी, कारण घमेलं उचलणारे बिगारी मराठी. जो वस्तू हाताळतो त्याचा शब्द टिकतो, आणि जो वस्तू विकत आणतो त्याचा शब्द वरून उतरतो.

जगातल्या पिजिनांतही सत्तेचं हे गणित दिसतं. नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावर नॉर्वेजियन मच्छीमार आणि रशियाचे पोमोर व्यापारी यांच्यात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून रुसेनोर्स्क नावाची बोली चालत होती. मासळी द्यायची, पीठ घ्यायचं, एवढ्यासाठी काही शे शब्द. दोन्ही बाजू बरोबरीच्या, म्हणून शब्दही दोन्हीकडून जवळजवळ सारखे आले. रशियन क्रांतीनंतर तो व्यापार बसला आणि बोलीही संपली. याउलट क्वीन्सलंड आणि सामोआच्या मळ्यांवर मेलानेशियाच्या बेटांवरून नेलेले मजूर आपसांत ज्या बोलीतून बोलू लागले, तिचे बहुतेक शब्द इंग्रजीचे. मात्र वाक्यं जोडण्याची रीत बरीचशी त्यांच्या बेटांवरच्या भाषांची. मजूर गावी परतले, ८०० हून अधिक भाषांच्या पापुआ न्यू गिनीत त्या बोलीचा उपयोग वाढतच गेला, आणि आज ‘टोक पिसिन’ या नावाने ती तिथली एक अधिकृत भाषा आहे. संसदेत ती बोलली जाते आणि मुलं ती जन्मापासून शिकतात. पिजिन जेव्हा मुलांची पहिली भाषा होते तेव्हा तिला क्रिओल म्हणतात. आपल्या रायगडात कोर्लई गावात पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संपर्कातून झालेली अशी एक क्रिओल आजही घराघरांत बोलली जाते.

साइटच्या बोलीत सगळ्यात जुने शब्द क्रेनचे होते. खलाशी वर घ्यायला ‘हबेस’ म्हणत आणि खाली सोडायला ‘आरिया’. झारखंडच्या डोंगरातल्या माणसाच्या तोंडी हे शब्द समुद्रावरून आलेले आहेत. जुन्या जहाजांवर गुजराती, कोकणी, बंगाली, मलबारी, अरब, मलाय अशा खलाशांची सरमिसळ असे. त्यांच्यात हिंदुस्तानीच्या पायावर अरबी, फारसी, पोर्तुगीज, इंग्रजी शब्दांची एक जहाजी बोली तयार झाली होती. थॉमस रोबक या लष्करी अधिकाऱ्याने १८११ साली कलकत्त्यात तिचा कोशही छापला. ‘आरिया’ पोर्तुगीजमधल्या ‘आरियार’ म्हणजे शीड खाली घेणे यातला. जहाजावरून गोदीच्या क्रेनवर, तिथून पोलाद कारखान्यांच्या उभारणीत, आणि तिथून आपल्या साइटवर असा तो येऊन पोचला. मूळ बोली मागे पडली, पण दोरावर ओझं लटकवण्याचं काम जिथे जिथे गेलं तिथे तिचे हे दोन शब्द गेले.

घटना

सळयांचा गठ्ठा तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबवर चढवायचा होता. मध्ये उभ्या राहिलेल्या भिंतीमुळे ऑपरेटरला गठ्ठा उतरण्याची जागा दिसत नव्हती. अशा वेळी सिग्नलमन वॉकीटॉकीवर सांगतो आणि ऑपरेटर त्याच्या शब्दावर क्रेन चालवतो. नेहमीचे सिग्नलमन म्हणजे खलाशांचे म्होरके, सगळे त्यांना चाचा म्हणत. ते गावी गेले होते. त्यांच्या जागी बारबेंडरांच्या टोळीतला एक तरुण स्लॅबवर उभा राहिला, कारण गठ्ठा त्यांचाच होता.

गठ्ठा स्लॅबच्या कडेच्या थोडा खाली असताना तो म्हणाला, ‘आने दो, आने दो.’ त्याच्या मनात होतं, वर येऊ दे, आमच्यापर्यंत. ऑपरेटरने क्रेन खाली सोडली. गठ्ठ्याचं एक टोक परांचीच्या आडव्या पाइपवर टेकलं, गठ्ठा तिरका झाला आणि एक सळई निसटून खाली पट्टी लावून बंद केलेल्या जागेत पडली. तिथे कोणी नव्हतं. कोणाला इजा झाली नाही.

पहिला निर्णय: कारण काय लिहायचं

संध्याकाळपर्यंत अहवालाचा कच्चा मसुदा तयार झाला. कारणाच्या रकान्यात होतं, ‘सिग्नल देणाऱ्यास हिंदी भाषेचे अपुरे ज्ञान.’ उपाय म्हणून बारबेंडरांच्या टोळीला हिंदीचं प्रशिक्षण, आणि त्या तरुणाला क्रेनच्या कामावरून दूर ठेवणं.

हा मसुदा तसाच पुढे गेला असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. सुरक्षा अधिकाऱ्याने सही करण्याआधी दोघांना समोरासमोर बसवायचं ठरवलं आणि मला सोबत घेतलं. हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय होता असं माझं मत आहे.

ऑपरेटर म्हणाला, ‘साहब, चाचा जब बोलता है आने दो, तो नीचे लेना होता है. रोज का है.’ तरुण म्हणाला, ‘हम ऊपर में खडा था. माल हमारा पास आएगा, तो ऊपर आएगा ना?’

दोघांचंही बरोबर होतं, आणि दोघांचा नियमही एकच होता. ‘आने दो’ याचा साइटवरचा अर्थ ‘माझ्या दिशेने येऊ दे’. चाचा खाली उभे राहत, म्हणून त्यांच्या तोंडी तो ‘खाली’ झाला. तरुण वर उभा होता, म्हणून त्याच्या तोंडी ‘वर’. माणूस दिसत असतो तोवर या शब्दात काही गोंधळ नाही. ट्रक मागे घेतानाही हाच शब्द वापरतात आणि कोणी चुकत नाही. वॉकीटॉकीवर बोलणारा कुठे उभा आहे हेच दिसत नाही, आणि अर्थाचा निम्मा भाग तिथेच गळून पडतो. अस्सल हिंदी बोलणारा माणूस स्लॅबवर उभा असता तरी तोही ‘आने दो’च म्हणाला असता.

कमी शब्दांच्या बोलीत प्रत्येक शब्दावर फार भार असतो. उरलेला अर्थ समोरची वस्तू, हात, नजर, रोजची सवय यांच्यातून भरून निघतो. पिजिन दुबळी असते असं यावरून म्हणणं चूक आहे. ती एकत्र दिसणाऱ्या जागेसाठी घडलेली असते, आणि आम्ही तिला न दिसणाऱ्या जागेत वापरायला लावलं होतं. अहवालातलं कारण बदललं: ‘दिशादर्शक शब्द निश्चित नसणे, सिग्नल देणाऱ्याची जागा ऑपरेटरला ज्ञात नसणे.’ तरुणाचं नाव रकान्यातून निघालं.

समोर असलेले पर्याय

सगळ्यांना हिंदी शिकवायची, हा पहिला पर्याय. वर लिहिलं तसं त्याने मूळ प्रश्न सुटत नव्हता, शिवाय टोळ्या तीन-चार महिन्यांनी बदलतात.

एका कामावर एकाच भाषेची टोळी ठेवायची, असं एका ठेकेदाराने सुचवलं. क्रेनचं कामच मुळी सगळ्या टोळ्यांना जोडणारं, त्यामुळे ते जमणारं नव्हतं. आणि त्यात एक धोकाही होता. टोळीबाहेरच्या कोणाशी बोलता येत नसेल तर मजूर पूर्णपणे मुकादमाच्या हाती जातो. पगार किती ठरला, हजेरी किती लागली, हे तो दुसऱ्या टोळीतल्या कोणाला विचारू शकत नाही. साइटची बोली मजुरांना टोळीपलीकडच्यांशी बोलायची सोय देते, ती काढून घेणं मला मान्य नव्हतं आणि मी ते बोलून दाखवलं.

फक्त हातांच्या खुणा वापरायच्या, हा तिसरा. खुणा ठरलेल्या होत्याच आणि दिसणाऱ्या कामात त्याच चालत. भिंतीपलीकडे त्यांचा उपयोग नाही.

चौथा पर्याय इंग्रजी शब्दांचा: अप, डाउन, स्टॉप. बहुतेक इंजिनिअर याच बाजूचे. शब्द सगळ्यांना माहीत, परमिटवर आधीपासून छापलेले. पाचवा, साइटवर जे बोललं जातं त्यातलेच शब्द निवडून पक्के करायचे. यावर एका वरिष्ठ इंजिनिअरने स्पष्टच विचारलं, ‘मजुरांचे शब्द अधिकृत कागदावर कसे घ्यायचे?’ त्याचा प्रश्न प्रामाणिक होता. उद्या तपासणीला कोणी आलं आणि परमिटवर ‘हबेस’ दिसलं तर त्यालाच उत्तर द्यावं लागणार होतं.

या टप्प्यावर दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींचा दाखला मी बैठकीत दिला. तिथे जमिनीखाली फानागालो नावाचं पिजिन पिढ्यान्‌पिढ्या चाललं. शब्द बहुतांशी झुलू आणि तिच्या जवळच्या भाषांचे, वर इंग्रजी आणि आफ्रिकान्स. नव्या खाणकामगाराला ते शिकवलं जाई. पण गोऱ्या मुकादमाने काळ्या मजुराला हुकूम सोडायची भाषा अशी तिची ओळख झाली, आणि पुढे कामगारांनाच ती अपमानाची वाटू लागली. म्हणून आपल्याकडे शब्द पक्के करायचे तर ते वरून ठरवून खाली द्यायचे नाहीत, एवढं तरी पाळू या, असं मी म्हटलं. सुरक्षा अधिकाऱ्याने चौथा आणि पाचवा दोन्ही पर्याय टोळ्यांसमोर ठेवून आवाजातच तपासायचे असं ठरवलं.

काय केलं

चाचा परतल्यावर दुपारच्या चहाला प्रत्येक टोळीतले दोघे-तिघे जमले. व्हायब्रेटर आणि मिक्सर चालू ठेवले. एक जण भिंतीआड वॉकीटॉकीवर शब्द बोलायचा, बाकीचे पाठ करून उभे राहायचे आणि ऐकू येईल त्याप्रमाणे हात वर किंवा खाली करायचे.

इंग्रजी शब्द इथे पडले. ‘अप’ इतका छोटा की वॉकीटॉकीचं बटण दाबून बोलायला सुरुवात करताना पहिला आवाज तुटतो आणि मागे ‘प’ सुद्धा उरत नाही. ‘स्टॉप’चा ‘स’ तुटला की उरतं ‘टॉप’, आणि साइटवर ‘टॉप’ म्हणजे वरचा स्लॅब. थांबवण्यासाठी उच्चारलेला शब्द ‘वर ने’ असा ऐकू आला, हे सगळ्यांनी स्वतःच्या कानाने ऐकलं. त्यानंतर इंग्रजीच्या बाजूने कोणी बोललं नाही.

‘हबेस’ आणि ‘आरिया’ गोंगाटातही वेगळे राहत होते. दोन्हींत स्वर वेगळे, लांबी वेगळी. दोनशे वर्षं वाऱ्या-लाटांच्या आवाजात ओरडून वापरलेले शब्द असेच टिकतात. बंगाली टोळीतल्या एकाने हसून सांगितलं की त्याचा काका चितगावला गोदीत होता, तोही ‘हाबिज-आरिया’च म्हणायचा. लमाणी आणि मराठी माणसांना मात्र हे शब्द नवीन होते, त्यांनी ते दोन-तीन फेऱ्यांत उचलले.

अडचण आली ती थांबवण्याच्या शब्दाची. खलाशी ‘बस’ म्हणत. पण ‘हबेस’चं पहिलं अक्षर तुटलं तर ‘बेस’ उरतो, आणि मिक्सरच्या आवाजात ‘बस’ आणि ‘बेस’ वेगळे ओळखता येत नाहीत. चाचांनी स्वतः दोनदा चूक हात केला आणि शब्द सोडून दिला. ‘रुको’ आणि ‘रोको’ सुचवले गेले. मग नांदेडकडचा एक बिगारी सहज म्हणाला, ‘थांब थांब म्हणा की.’ बंगाली लगेच म्हणाले, ‘हमारा में भी थामो बोलता है.’ ऑपरेटरच्या कानाला ‘थम’ ओळखीचं होतं. तीन बाजूंना आधीच अर्धामुर्धा ठाऊक असलेला शब्द, तोही दोनदा म्हटल्यामुळे पहिला तुटला तरी दुसरा पोचणारा. पिजिनमध्ये शब्द निवडले जातात ते बरेचदा असेच: जो एकाहून अधिक भाषांच्या माणसांना आपल्याजवळचा वाटतो तो पुढे जातो. फक्त एरवी हे महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात न येता घडतं, इथे ते चहाच्या वेळेत डोळ्यांसमोर झालं.

ठरलं ते असं. वॉकीटॉकीवर वर घ्यायला ‘हबेस’, खाली ‘आरिया’, थांबायला ‘थांब थांब’. सावकाश हवं तर शब्दापुढे ‘धीरे’. ऑपरेटरने ऐकलेला शब्द परत उच्चारायचा आणि मगच लिव्हर हलवायचा. सिग्नल एकाच माणसाने द्यायचा, पण ‘थांब थांब’ कोणीही म्हणू शकतो आणि ते ऐकल्यावर थांबायचंच. काम सुरू करताना सिग्नलमनने आपण कुठे उभे आहोत हे सांगायचं. ‘आने दो’ वॉकीटॉकीवर बंद. जमिनीवर, ट्रकमागे, समोरासमोर त्याला हात लावायचा नाही, असंही ठरलं. सरसकट बंदीचा एक सूर होता, पण जो शब्द जिथे नीट काम करतो तिथून तो काढला तर बाकीची बंदीही कोणी पाळत नाही.

फलकावर बाणांची चित्रं आणि हे तीन शब्द देवनागरी, बंगाली, कन्नड अशा तीन लिप्यांत रंगवले. वरिष्ठ इंजिनिअरने परमिटच्या नमुन्यात एक ओळ वाढवून घेतली: ‘ध्वनी संकेत: हबेस (वर), आरिया (खाली), थांब थांब’. तपासणीची काळजी त्यालाच होती आणि ती ओळही त्यानेच घातली, याचं मला फार बरं वाटलं.

काय झालं

त्या क्रेनवर पुढे दिशा चुकल्याची नोंद झाली नाही. पण यशाचं सगळं माप शब्दांच्या पदरात टाकणं बरोबर नाही. काही महिन्यांत मधल्या भिंतीचं काम संपून क्रेन पुढे सरकली आणि न दिसणाऱ्या जागी माल उतरवण्याची वेळच कमी येऊ लागली. ऑपरेटरने शब्द परत उच्चारण्याच्या नियमाचाही वाटा मोठा असावा.

भाषेच्या अंगाने जे घडलं ते जास्त बोलकं आहे. शब्द क्रेनपुरते राहिले नाहीत. प्रॉपचा जॅक चढवताना ‘हबेस मार’ सुरू झालं, पाण्याच्या टाकीचा पाइप खाली घ्यायला ‘आरिया’. दिवाळीच्या सुमारास एका बारबेंडरने मुकादमाबद्दल सांगितलं, ‘रेट हबेस किया, खाना का पैसा आरिया किया.’ हुकुमाचे दोन शब्द तक्रार करायच्या कामी आले होते. बोली वाढते ती अशी, कामाच्या बाहेरच्या गोष्टी तिच्यात बोलाव्याशा वाटू लागतात तेव्हा.

पाळणाघरातल्या मुलांचंही लिहायला हवं. पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तर बांधकामावर पाळणाघर हवं, अशी १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात तरतूद होती, आणि इथे ते चालू होतं. लमाणी, भोजपुरी, बंगाली मुलं तिथे एकत्र खेळत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, क्रिओलची सुरुवात इथेच होईल. तसं झालं नाही. प्रत्येक मुलाची घरची भाषा शाबूत होती, कुटुंबं वर्ष-सहा महिन्यांत हलत होती, आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंतून मुलांच्या कानावर सरळ हिंदी सतत पडत होती. मोठ्यांनी टाकलेलं लिंग मुलं परत आणत होती: ‘गाडी आई.’ शब्द देणारी भाषा इतकी जवळ आणि इतकी उपलब्ध असेल तर पिजिन तिच्यातच हळूहळू विरघळतं. टोक पिसिन बोलणाऱ्यांच्या गावात इंग्रजी असं घरोघर ऐकू येत नव्हतं, हा फरक मोठा आहे.

घसरणही झाली. पूजेनंतर शटरिंगची जुनी टोळी गेली आणि नवी आली. तिच्या तोंडी ‘लूज’ हा शब्द होता, अर्थ ‘स्लिंगचा, म्हणजे माल बांधलेल्या दोराचा, ताण सोड’. आमच्या यादीत ताण सोडायला शब्दच नव्हता, म्हणून काही दिवस ‘आरिया’ त्यासाठीही वापरला गेला. म्हणजे एका शब्दाला पुन्हा दोन अर्थ. हे चाचांनीच पकडलं आणि ‘ढील’ हा चौथा शब्द फलकावर चढला.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी उणीव त्या दुपारच्या बैठकीत होती: तिथे एकही बाई नव्हती. सिग्नल देण्याचं काम बायका करत नाहीत, म्हणून त्यांना बोलावण्यात आलं नाही. पण साइटवरच्या टोळ्यांमधले खरे दुभाषे त्याच होत्या. घरी गोरबोली ही लमाणींची भाषा, गावाकडे कन्नड, सोलापूर-लातूरकडच्या कामांमुळे मराठी, आणि वर दखनी, असं चार भाषांतलं बोलणं एका लमाणी अक्काच्या तोंडी सहज असायचं. काँक्रीटच्या घमेल्यांची रांग सगळ्या टोळ्यांच्या मधून जाते, त्यामुळे कोण कोणाचं काय चुकीचं समजतं हे त्यांना रोज दिसायचं. नंतर एकीशी बोलताना कळलं की ‘आने दो’चा घोळ त्यांनी आधीही दोनदा पाहिला होता. तिला तोवर कोणी विचारलेलंच नव्हतं. पिजिनच्या अभ्यासात मालक आणि मजूर, व्यापारी आणि मच्छीमार या जोड्यांबद्दल भरपूर लिहिलं जातं. मधे उभं राहून दोन्हीकडचं पोचवणाऱ्या बायका त्यातून सुटतात, आणि आम्हीही त्यांना तसंच सोडलं.

नवी टोळी आली की फलक दाखवला जायचा, पण ती आवाजाची चाचणी पुन्हा घेतली गेली नाही. ती पहिल्याच आठवड्यात घ्यायला हवी. वेळ चहापुरताच लागतो, आणि नव्या माणसाला आपला शब्द मांडायची संधी मिळते. ‘लूज’चा घोळ तिथेच उघड झाला असता.

अपघात नोंदीच्या नमुन्यात ‘भाषेची अडचण’ असा एकच रकाना आहे. त्याऐवजी तीन प्रश्न हवेत: बोलणारा कुठे उभा होता, ऐकणाऱ्याला काय दिसत होतं, आणि तोच शब्द एरवी कोण, कुठून वापरतं. या प्रकरणात पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं असतं तरी दुपारीच उलगडा झाला असता.

शेवटी यादी पुढे नेण्याबद्दल. त्याच कंपनीच्या दुसऱ्या साइटवर आमचा फलक जसाच्या तसा छापून लावला गेला. तिथले खलाशी आंध्रच्या किनाऱ्यावरचे, त्यांचे स्वतःचे शब्द होते आणि ते शब्दही जुने, कामाला लागलेले होते. फलक भिंतीवर राहिला आणि वॉकीटॉकीवर वेगळंच बोललं जात राहिलं. महिनाभराने तिथल्या सुरक्षा अधिकाऱ्याचा फोन आला की लोक ठरलेले शब्द वापरत नाहीत, प्रशिक्षण द्यायला याल का. फलक उतरवा, मिक्सर चालू ठेवून टोळ्यांना भिंतीआड उभं करा आणि काँक्रीटवाल्या बायकांना आधी बोलवा, असं मी सांगितलं. त्यांनी तारीख ठरवली आहे.